जित्या माणसापुढे कै.

माझे वडील नावं घालायचे. असं सांगितलं की माझी सून विचारते, “म्हणजे नावं ठेवायचे?” अगं बाई, नावं ठेवायला अख्खं भाईंदर पडलं होतं. माझे वडील नावं घालायचे, भांड्यांवर. केबिन रोडवर एका गुजराती शेठचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान होतं, त्याच्या पायरीला लागून एक लाकडी स्टूल, मांडीवर जाड फडकं, हातात वायरवालं विजेचं पेन. पेनाला पुढे टोकदार सुई. बटण दाबलं की ती सुई थडथड नाचायची आणि भांड्यावर बारीक टिंबांची रेघ उमटत जायची. झर्र, झर्र, झर्र. गिऱ्हाईक टोप घ्यायचं, तांब्या घ्यायचं, आणि शेठ आतूनच ओरडायचा, “मास्तर, नाव टाकून द्या.” बाबा शाळा सातवीपर्यंतच शिकलेले, पण अक्षर असं की सगळा रोड त्यांना मास्तर म्हणायचा. आधी शिरोरेघ ओढायचे आणि मग तिला अक्षरं लटकवायचे. “आधी दोरी बांधायची बाय, मग कपडे वाळत घालायचे,” असं मला सांगायचे. रत्नागिरीकडची माणसं आम्ही, मुलीला बाय म्हणणारी.

बायका नाव सांगायला यायच्या तो एक तमाशाच असायचा. काही जुन्या बायका नवऱ्याचं नाव घ्यायच्या नाहीत. बाबा विचारायचे, “कोणाचं नाव घालू, वहिनी?” की त्या लाजून दुसरीकडे बघणार. “ह्यांचंच घाला.” अहो, पण ह्यांचं म्हणजे कोणाचं? मग शेजारीण सांगायची, नाहीतर कडेवरचं पोर सांगायचं. बाबा कधी हसले नाहीत. कागदाच्या तुकड्यावर नाव लिहून त्या बाईसमोर धरायचे आणि तिने मान हलवली की पेन चालू. सकाळी दुकान उघडण्याआधी हजर आणि शटर पडेपर्यंत त्याच स्टुलावर. मधे चहासाठी उठायचे तेवढंच. लग्नसराईत तर चहासुद्धा स्टुलावरच. आजारपण म्हणून खाडा केलेला मला आठवत नाही. अंगात ताप असला तर गळ्याला मफलर गुंडाळायचे आणि निघायचे. आई म्हणायची, “नाव घालतायत की गाव जिंकतायत!”

आमची खोली केबिन रोडच्या मागच्या चाळीत होती. एक खोली, तिचाच कोपरा म्हणजे स्वयंपाकघर, मोरीला पडदा. पलीकडे पत्र्याच्या गाळ्यांमध्ये भांड्यांना पॉलिश व्हायचं, त्यामुळे दिवसभर एक घरघर कानात असायचीच. आई कुळथाची पिठी करायची, भात, तांदळाची भाकरी, वर भाजलेल्या सुकटीत कांदा आणि कोकम. बाबा जेवायला बसले की मी त्यांच्या उजव्या हाताकडे बघायची. पेन बंद करून तास झालेला असायचा, तरी हात आतून थरथरत असायचा. घास तोंडापर्यंत जायच्या आत दोन शितं सांडायची. आई ती गुपचूप उचलायची. घरात बाबा शांत आणि मी म्हणजे पायाला भिंगरी. एका जागी बसायचं माझ्या पत्रिकेतच नव्हतं. आताही नाही. आता भाईंदरच्याच इंद्रलोक वस्तीत सातव्या मजल्यावर राहते, गुडघे कुरकुरतात, तरी दिवसातून चार वेळा खाली जाऊन येते. कशासाठी, ते मलाही सांगता येत नाही. हे लिहितानासुद्धा तीनदा उठले.

त्यांचा एकच नियम होता. नाव चुकलं तरी चालेल, नावाच्या पुढचं चुकता कामा नये. श्री., सौ., चि., गं. भा., कै. “विनायकचं विनायाक झालं तर माणूस हसेल आणि सोडून देईल,” ते म्हणायचे. “पण सौ.च्या जागी गं. भा. पडलं, तर ती बाई जन्मात माफ करणार नाही.” कारण भांडी नुसती लग्नातच वाटत नाहीत. कोणी गेलं की तेराव्याला, वर्षश्राद्धाला त्याच्या नावाने तांब्या-फुलपात्रं वाटतात आणि त्यावर येतं, ‘कै. अमुक अमुक यांच्या स्मरणार्थ’. लग्नाची ऑर्डर आणि मयताची ऑर्डर एकाच शेठकडे, एकाच गोणपाटावर, एकाच माणसाच्या मांडीवर. जातं-येतं सगळं त्या एका सुईखालून.

त्या सुईनेच त्यांचा हात खाल्ला. आधी बोटांना मुंग्या यायला लागल्या, मग बोटांची टोकं पांढरी पडायला लागली, मग शर्टाची बटणं लागेनात. आई लावून द्यायची. सकाळी हात ताजा असायचा तेव्हा दोन-तीन तास छान काम व्हायचं. दुपारनंतर अक्षर पळायला लागायचं. शेठला हे कळलं असतं तर स्टुलावर दुसरा माणूस आला असता, एवढी साधी गोष्ट होती. म्हणून बाबांनी शेठला सांगितलं, सीझनचा माल जास्त आहे, थोडा घरी नेऊन करतो. शेठने जुनं पेन दिलं. आणि ते पेन माझ्या हातात आलं. मी तेव्हा नववीत. बाबांच्या अक्षरावरच माझं अक्षर बेतलेलं, त्यामुळे आठवड्याभरात हात बसला. त्यांचा ‘श’ जरा पोट सुटल्यासारखा यायचा, तोसुद्धा मी तसाच काढायची. आधी ते प्रत्येक भांडं उन्हाकडे धरून तपासायचे. मग दहातलं एक तपासायला लागले. आणि एका दिवशी म्हणाले, “बाय, आता तुझं तपासायला नको.” मला कोण आनंद झाला! तेव्हा वाटलं नाही, पण त्यांनी तपासत राहायला हवं होतं.

सुट्टीचे दिवस होते. सकाळपासून मी एकशे एक फुलपात्रं करत होते, कुठल्यातरी आजीच्या वर्षश्राद्धाची. ‘कै., कै., कै.’ करून बोटं कंटाळली. त्यानंतर एक्कावन्न वाट्या होत्या, खाडीकाठच्या वरसाव्याच्या लग्नाच्या. मुलीचा बाप नातेवाइकांना वाटणार होता. चिठ्ठी बाबांच्या अक्षरात समोर होती, ‘श्री. हरेश्वर नाना, वरसावे, यांजकडून सप्रेम भेट’. आणि तीन वाजता मैत्रिणी उत्तनच्या समुद्रावर जाणार होत्या. खाली गल्लीतून त्यांच्या हाका चालूच होत्या. “येतेस का गं? बस जाईल!” हात वाटीवर, डोकं उत्तनला. एक्कावन्न वाट्या मी अशा झपाट्याने केल्या की विचारू नका. पुसल्या, उपड्या घातल्या, पळाले. वाळूत लोळले, बर्फाचा गोळा खाल्ला, ओठ लाल करून घरी आले. तोवर बाबांनी दुकानातून येऊन चार-चारच्या चळती करून वाट्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या होत्या. बघितलं असतं तर दिसलं असतं. पळता-पळता मी आईकडे निरोप ठेवला होता, झालंय, आणि त्यांनी विश्वास ठेवला.

दोन-तीन दिवसांनी दुपारी मी बाबांचा डबा घेऊन दुकानात पोचले, तर पायरीवर एक उंचापुरा, काळाकभिन्न म्हातारा उभा. डोक्याला लाल टोपी, खांद्यावर गोणी. त्याने ती गोणी काउंटरवर उलटी केली. वाट्या खणाखण घरंगळल्या.

“शेठ, माझ्याकडं बघ. मी जिता हाय का मेलेलो हाय?”

शेठ गांगरला. “अरे नाना, क्या हुआ? बैठो, पानी पियो.”

“पानी मेलेल्याला पाजतात का? वाच. भाच्यानं वाचला तवा मना कळला. कैलासवासी हरेश्वर नाना, सप्रेम भेट! परवा पोरीचा लगीन हाय, आनि मी सरगातून वाट्या वाटतो!”

कोणीतरी फिस्सकन हसलं. मी मात्र डब्याची कडी घट्ट धरून उभी. एक वाटी माझ्या पायाशी येऊन थांबली होती, तिच्यावर माझं अक्षर. स्वच्छ, ठसठशीत, पोट सुटलेल्या ‘श’सकट. ‘श्री.’च्या जागी ‘कै.’. एक्कावन्न वेळा.

बाबांनी वाटी उचलली, वाचली, आणि एकदाच माझ्याकडे बघितलं. रागावून नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. मग नानांना हात जोडून म्हणाले, “चूक माझी आहे नाना. आत्ता दुरुस्त करतो.” चूक झाली की तिच्यावर पान काढायचं, वेल काढायची, ही त्या धंद्यातली रीत. अक्षर नक्षीत बुडवून टाकायचं आणि पुढे ‘श्री.’ घालायचं. बाबा स्टुलावर बसले, पेन चालू केलं. दुपार झालेली. हात सकाळपासून वापरून संपलेला. सुई वाटीला टेकली आणि घसरली. पुन्हा टेकवली, पुन्हा घसरली. पानाच्या जागी ओरखडे उमटले. डाव्या हाताने त्यांनी उजवं मनगट दाबून धरलं, तरी हात थांबेना. सगळं दुकान बघत होतं. शेठ बघत होता. नानासुद्धा आता बाबांच्या हाताकडेच बघत होते.

मला सहन होईना. मी ओरडलेच, “बाबांनी नाही केलं! मी केलंय. वाट्या मी केल्यात!”

“गप्प बस,” बाबा म्हणाले. माझ्यावर आवाज चढवला तो पहिल्यांदाच. मग सगळ्यांकडे बघून हसले. कसनुसं. “पोर आहे. बापाला वाचवायला बघतेय. तिला पेन धरता तरी येतं का?”

आणि मला पेन धरता येत होतं! मी ते हिसकावून घेऊन एका मिनिटात पान काढून दाखवलं असतं. पण त्यांच्या नजरेने मला जागच्या जागी खिळवलं. शेठ वाईट माणूस नव्हता. त्याने हळूच पेनाचं बटण बंद केलं आणि विचारलं, “मास्तर, हाथ को कितने दिन से ऐसा है?” बाबांनी हात फडक्याखाली सरकवला. शेजारच्या दुकानातला नाववाला बोलावला गेला, नव्या वाट्या निघाल्या, संध्याकाळपर्यंत काम झालं. नाना गोणी घेऊन गेले. बाबांना शेठने काढून टाकलं नाही, गोदामात घातलं. भांडी उतरवायची, मोजायची, गवतात बांधायची. स्टूल गेलं. मास्तर म्हणणंही हळूहळू गेलं.

त्या दिवशी घरी येताना मी रडत-रडत भांडले. “खोटं का बोललात?” ते चालत राहिले. पॉलिशच्या गाळ्यांपाशी थांबून म्हणाले, “जित्या माणसापुढे कै. लिहिलं गेलंय, बाय. उद्या त्या माणसाला नुसती ठेच लागली, तरी लोक म्हणणार, मास्तराच्या पोरीच्या हाताचा गुण. मुलीच्या जातीला असलं एकदा चिकटलं की सुटत नाही. माझं काय, मी म्हातारा. माझ्या हाताला काय चिकटायचं ते चिकटू दे.” आणि मग म्हणाले, “तू पण विसर आता.”

विसर म्हणे! मला दुसरं काही सुचेना. बाबा स्वतःच्या तोंडाने बोलून गेले होते ना, ठेच लागली तरी. मग ताप आला तर? खाडीत होडी उलटली तर? आई पोळ्या लाटायची, त्या पोळपाटाकडे बघता-बघता मला वरसाव्याचा नाना दिसायचा, गळ्यात हार घालून आडवा. अभ्यासाला बसायची आणि उठायची. जेवायला बसायची आणि उठायची. आई म्हणाली, “हिला काय मुंग्या चावतात?” शेवटी मी एक युक्ती काढली. बाजारात एक कोळीण वरसाव्याकडून मासळी घेऊन यायची. तिच्याकडे दर दोन दिवसांनी बोंबील घ्यायला मीच जायला लागले. “मावशी, तिकडचे हरेश्वर नाना बरे आहेत ना?”

“हाय की. त्याला काय धाड भरलीय?”

परत दोन दिवसांनी, “मावशी, नाना बरे आहेत ना?”

“तुझा कोन लागतो गो त्यो? का त्याच्या पोराला बघून ठेवलायस?”

आजूबाजूच्या कोळणी खदखदल्या. मी लाजेने मेले, पण बरे आहेत एवढं कळलं की दोन दिवस श्वास पुरायचा. आमच्याकडे इतके बोंबील झाले की आईने हात टेकले. असे महिने गेले. बाबा गोदामात जात होते, पाठीला बाम लावून. आता तर रविवारीसुद्धा जायला लागले. “माल उतरवायचाय,” म्हणायचे आणि सकाळीच निघायचे. ज्या माणसाने आयुष्यभर बसून काम केलं, तो पन्नाशीत ओझी उचलतोय, तेही सुट्टीच्या दिवशी, आणि कोणामुळे? माझ्यामुळे. मला त्यांच्यासमोर बसवायचं नाही. ते आले की मी बाहेर, मी आले की ते मोरीत. एकाच खोलीत आम्ही एकमेकांना चुकवत होतो.

आणि मग एक दिवस मावशी म्हणाली, “नाना? पडलाय अंथरुनाला. चार दिस ताप हाय.”

पिशवी तिथेच टाकली. शाळा बुडवली. काशिमिऱ्यापर्यंत एका बसने, तिथून ठाण्याच्या एसटीने वरसाव्याच्या फाट्यावर. आयुष्यात एकटी कधी एवढी लांब गेले नव्हते. एसटीत बसवेना म्हणून दांड्याला धरून उभी राहिले, जागा असताना. कंडक्टर म्हणाला, “बस ना बाळ, उभं राहिलं म्हणून लवकर पोचतो काय?” खाडीकडे उतरणाऱ्या वाटेने मी धावतच गेले. एका पोराला नुसतं घर विचारलं, बाकी काही नाही. नाना आहेत का, असं विचारायचं आणि समोरचा म्हणाला नाहीत, तर?

नाना होते. ओट्यावर बसले होते, अंगावर घोंगडी, समोर पेजेची वाटी. डोळे खोल गेलेले, पण जिवंत. पेज फुंकत होते. मी अंगणातच थांबले. धाप लागली होती, आणि सुचलं ते बोलले, “नाना, कै. मी घातलं होतं. बाबांनी नाही. आई शपथ.”

त्यांनी वाटी खाली ठेवली. मला वाटलं, आता शिव्या देणार.

“ठाव हाय मना,” ते म्हणाले. “तुझ्या बापाचा हात बघितला ना मी दुकानात. त्या हाताला साधा पान जमला न्हाय. त्यो कै कसा काढील, इतका झकास? तवाच वळखला. पन बाप बोलत व्हता. बाप बोलतो तवा मधी बोलू नये.”

मी खाली बसले. पहिल्यांदाच, कितीतरी महिन्यांनी, नुसती बसले. नानांनी सुनेला चहा ठेवायला सांगितलं आणि माझ्याकडे बघत डोकं खाजवलं.

“पन तुम्ही एका घरात ऱ्हाता का दोन घरात?”

“एका खोलीत. का?”

“न्हाय, तुझा बाप दर ऐतवारी येतो. तुला न्हाय सांगला त्यानं? फाट्यावर उतरतो, त्या तिथं चिंचेखाली उभा ऱ्हातो. मी दिसलो का परत जातो. चार-पाच ऐतवार बघितला, मंग हाक मारली. बसवला हितं, तू बसलीयस तितंच. इचारला, मास्तर, लगीन झाला, वाट्या वाटून झाल्या, आता काय बघायला येता? तर रडायलाच लागला. बोल्ला, नाना, तुम्ही जगा. पोरीचा लगीन व्हईपरेंत तरी जगा. तुम्हाला काय झाला तर ती सवताला कधी माफ करनार न्हाय. ती बोलत न्हाय, पन मना दिसतो.”

रविवारचा माल. गोदाम. पाठीचा बाम.

नानांनी पेजेची वाटी पुन्हा उचलली, एक घोट घेतला आणि वैतागून म्हणाले, “म्हंजे बाप ऐतवारी बघून जातो, लेक बाजारात इचारते. त्या कोळनीनं सांगला मना. आता आज आली घरात. तुम्हा बापलेकीच्या पायी मना मरायची पन चोरी झालीय!”

चहा आला. मी तो पिता-पिता इतकी हसले आणि इतकी रडले की सून घाबरून बाहेर आली.

घरी मी काही बोलले नाही. रविवार आला. बाबांनी शर्ट घातला, आईने बटणं लावून दिली, आणि ते नेहमीसारखं म्हणाले, “माल उतरवायचाय.” मी चपला घातल्या आणि त्यांच्याआधी दारात जाऊन उभी राहिले.

“बाबा, नानांचा ताप उतरलाय,” मी म्हटलं. “पण आज आपण दोघं जाऊ या.”

ते उंबऱ्यात थबकले. मग त्यांनी आपला तो थरथरता हात पुढे केला. मी तो धरला, आणि पार फाट्यावर उतरेपर्यंत सोडला नाही.